टेपवरचं शून्य: मल्टिट्रॅक मशीनवर रेकॉर्डिंगची लेव्हल कशी लावावी

कंप्युटरवर रेकॉर्डिंग शिकलेल्या माणसाला लेव्हलबाबत एकच नियम पाठ असतो: शून्याच्या वर जायचं नाही. टेप मशीनसमोर बसल्यावर तो बुचकळ्यात पडतो. इथे मीटरवर शून्याच्या पुढे +३ पर्यंत लाल पट्टी असते, बेस गिटार वाजताना काटा खुशाल त्या पट्टीत जातो आणि आवाजाचं काही बिघडत नाही. शेजारच्या ट्रॅकवर झांजेचा काटा −१० लाही पोचत नाही, पण परत ऐकलं तर झांज फाटलेली असते. दोन्हींमागे कारणं दोन. एक, टेप मशीनवरच्या शून्याला स्वतःची अशी किंमत नाही. ती कुणीतरी आधी लावून दिलेली असते. दोन, काटा जे दाखवतो आणि टेपवर जे उमटतं, त्यात काही वाद्यांच्या बाबतीत १५ डेसिबलचाही फरक असू शकतो.

उदाहरणासाठी आपण दोन इंची टेपवर २४ ट्रॅक घेणारं मशीन धरू, स्टूडर ए८२७ किंवा ओटारी एमटीआर-९० यांसारखं, आणि वेग १५ इंच प्रति सेकंद. आठ ट्रॅकच्या छोट्या मशीनलाही तत्त्वं हीच लागू आहेत.

खाली हिस, वर विकृती

टेपवर काहीच रेकॉर्ड केलं नाही तरी तिच्यावरचे चुंबकीय कण हिस, म्हणजे सतत चालणारी बारीक सरसर, देतात. ट्रॅक जितका अरुंद तितकी आवाजाच्या मानाने हिस जास्त. दोन इंची टेपवर २४ ट्रॅक बसवले की एकेका ट्रॅकच्या वाट्याला जेमतेम एक मिलिमीटर रुंदी येते. त्याच टेपवर १६ ट्रॅक असतील तर रुंदी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास जाते आणि सुमारे २ डेसिबलचा फायदा होतो. मिक्स करताना सगळ्या ट्रॅकची हिस एकत्र येते, हे विसरून चालत नाही. चोवीसही फेडर सारखेच वर असतील तर एका ट्रॅकच्या हिसपेक्षा एकूण हिस जवळजवळ १४ डेसिबलने वाढते. म्हणून एखाद्याच ट्रॅकवर लेव्हल कमी पडली तर खपून जातं. सगळ्याच ट्रॅकवर भीत भीत, खालच्या लेव्हलने रेकॉर्ड केलं तर मिक्समध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज मागे राहतो.

वरच्या टोकाला टेप आवाजाची टोकं अचानक कापत नाही. लेव्हल वाढवत नेली की मूळ सुराच्या तिप्पट कंप्रतेचा सूर त्यात हळूहळू मिसळू लागतो. ही विकृती ३ टक्के झाली की टेपची कमाल लेव्हल आली असं मानायचा रिवाज आहे. बेस किंवा ढोलकाच्या घुमाऱ्याला एवढी विकृती कानाला गोडही लागते, आणि टेपवर रेकॉर्ड करण्याची हौस असलेल्या अनेकांना नेमकं तेच हवं असतं. मात्र वरच्या पट्टीतल्या आवाजाचं गणित वेगळं आहे. रेकॉर्ड करताना मशीन वरच्या कंप्रता मुद्दाम उचलून टेपवर लिहितं, त्यामुळे तिथे टेप लवकर भरते. वेग जितका कमी तितकी ही अडचण मोठी. साडेसात इंचांवर झांजा आणि घुंगरू रेकॉर्ड करणं फार जिकिरीचं, १५ वर सांभाळता येतं, ३० वर बरंच मोकळं. पण ३० इंचांवर अडीच हजार फुटांचं रीळ साडेसोळा मिनिटांत संपतं. १५ वर तेच ३३ मिनिटं चालतं.

शून्य कुठे ठेवायचं

टेपवर किती जोराने चुंबकत्व उमटलं हे नॅनोवेबर प्रति मीटर या एककात मोजतात. जुन्या अमेरिकन मशीनांचं संदर्भ मूल्य १८५ होतं. टेप सुधारत गेल्या तसं हे मूल्य वर सरकवण्याची सोय झाली, आणि १८५ च्या तुलनेत किती डेसिबल वर, अशी बोलायची पद्धत पडली. २५० म्हणजे साधारण +३, ३५५ म्हणजे साधारण +६, आणि ५२० म्हणजे +९. युरोपात ३२० हा आकडाही सर्रास वापरतात. तो १८५ च्या पावणेपाच डेसिबल वर येतो.

कोणता आकडा घ्यायचा हे टेप ठरवते. अँपेक्स ४०६ च्या पिढीची टेप +३ ला बरी चाले. अँपेक्स ४५६ आणि आजची एसएम ९११ बहुतेक जण +३ ते +६ च्या दरम्यान चालवतात. अँपेक्स ४९९ सारखी जास्त क्षमतेची टेप +९ साठीच बनवलेली होती. ४५६ सारखी टेप +६ ला लावली की शून्याच्या वर ३ टक्क्यांची रेषा येईपर्यंत साधारण ८ ते १० डेसिबल मोकळे मिळतात. तीच टेप +३ ला लावली तर आणखी ३ डेसिबल मोकळे, पण हिस तेवढीच जवळ. तबला, ढोलकी, संतूर असं ठोक्याचं काम जास्त असेल तर आमचा कौल +३ ला आहे. मीटर कोणत्या वाद्याला किती फसवतो याचा नीट अंदाज येईपर्यंत तर +३ च ठेवावं.

+९ ला लावायच्या आधी मशीनचं वय पाहा. जुन्या मशीनचा रेकॉर्ड अँप्लिफायर टेप भरण्याच्या आधीच स्वतः कापायला लागतो, आणि जोरात रेकॉर्ड केलेली टेप त्याचं इरेज हेड, म्हणजे जुना आवाज पुसणारा भाग, पूर्ण पुसू शकत नाही. मग नवीन टेकच्या मागे जुनं गाणं बारीक ऐकू येतं आणि दोष मात्र टेपला दिला जातो.

मशीन त्या शून्याला लावणं

मशीन निदान अर्धा तास आधी चालू करून ठेवा. मग बंद करून हेडं (टेपवरचं पुसणारे, लिहिणारे आणि वाचणारे भाग) आणि टेपच्या वाटेवरचे गाइड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व घालवणारा डीमॅग्नेटायझर फिरवा. त्या वेळी कॅलिब्रेशन टेप दुसऱ्या खोलीत असलेली बरी. डीमॅग्नेटायझर हेडपासून हातभर दूर नेऊनच बंद करायचा. हेडजवळ असताना बंद केला तर उलट हेडच चुंबकित होतं.

कॅलिब्रेशन टेप म्हणजे ठरलेल्या मूल्याचे टोन प्रयोगशाळेत रेकॉर्ड केलेली टेप. अमेरिकेतल्या मॅग्नेटिक रेफरन्स लॅबोरेटरीच्या टेप सगळ्यांत जास्त वापरात आहेत. टेप चढवण्याआधी चोवीसही ट्रॅकची रेकॉर्डिंगची बटणं बंद असल्याची खात्री करा. ही टेप महाग असते आणि एका चुकीच्या बटणाने निकामी होते. डब्यावर वेग, इक्वलायझेशन (कोणत्या कंप्रता किती उचलायच्या याचं ठरलेलं माप) आणि संदर्भ मूल्य छापलेलं असतं. वेग आणि इक्वलायझेशन तुमच्या मशीनशी जुळायलाच हवं. १५ इंचांवर इक्वलायझेशनचे एनएबी आणि आयईसी हे दोन प्रकार चालतात, आणि एकासाठीची टेप दुसऱ्यावर लावून वरच्या पट्टीचा स्क्रू फिरवला तर सगळंच चुकीचं बसतं.

पहिलं काम प्लेबॅक हेडच्या ॲझिमथचं, म्हणजे हेडची फट टेपच्या प्रवासाला अचूक काटकोनात आहे की नाही हे पाहण्याचं. कडेचे दोन ट्रॅक, समजा २ आणि २३, ऑसिलोस्कोपवर घ्या. आधी १ किलोहर्ट्झवर, मग १० वर आणि शेवटी १६ वर दोघांचा मेळ बसवा. सुरुवातच १६ वर केली तर एक पूर्ण आवर्तन चुकूनही मेळ बसल्यासारखा दिसतो.

आता प्लेबॅक लेव्हल. हा सगळ्या प्रक्रियेतला कळीचा स्क्रू. कॅलिब्रेशन टेप २५० ची आहे आणि तुम्हाला शून्य ३५५ वर हवंय असं समजू. मग १ किलोहर्ट्झच्या टोनला काटा शून्यावर आणायचा नाही. −३ वर आणायचा. टेपवर २५० आहे, मीटर −३ म्हणतोय, म्हणजे शून्य आपोआप ३५५ ला गेलं. शून्य ३२० वर हवं असेल तर काटा −२ च्या किंचित खाली ठेवा. टेप १८५ ची असेल आणि ३५५ हवं असेल तर जवळजवळ −६. इथे उलटी चूक फार होते: जोरात रेकॉर्ड करायचंय म्हणून काटा +३ वर नेला जातो, आणि शून्य ३ डेसिबल वर जायच्या ऐवजी ३ डेसिबल खाली येतं.

यानंतर १० किलोहर्ट्झला वरची पट्टी लावा. खालची पट्टी मात्र या टेपवर लावू नका. कॅलिब्रेशन टेपवर टोन टेपच्या पूर्ण रुंदीभर असतात, त्यामुळे अरुंद ट्रॅकचं हेड कमी कंप्रतेला बाजूचं चुंबकत्वही उचलतं आणि मीटर खोटा चढा आकडा दाखवतो. मग मशीन सिंकमध्ये टाकून, म्हणजे रेकॉर्ड हेडवरूनच टेप वाचून, त्याचा ॲझिमथ आणि लेव्हल याच पद्धतीने लावा. कॅलिब्रेशन टेप उतरवा आणि गुंडाळी शेवटच्या टोकावर ठेवूनच डब्यात परत घाला.

ज्या टेपवर काम करणार तीच कोरी टेप आता चढवायची. बायस आधी, बाकी सगळं नंतर, कारण बायस बदलला की लेव्हल आणि वरची पट्टी दोन्ही बदलतात. बायस म्हणजे साधारण १०० किलोहर्ट्झ किंवा त्याहून वरचा, ऐकू न येणारा प्रवाह. तो आवाजात मिसळल्याशिवाय टेप आवाज सरळ लिहीत नाही. १० किलोहर्ट्झचा टोन शून्याच्या बराच खाली, −१० च्या आसपास रेकॉर्ड करा, प्लेबॅक हेडवरून ऐका, आणि बायसचा स्क्रू कमीपासून हळूहळू वाढवत न्या. काटा चढत जातो, एका जागी थांबतो, आणि स्क्रू पुढे फिरवला की उतरायला लागतो. ज्या उंचीवर थांबला होता तिथून ठरलेले डेसिबल खाली आला की हात थांबवायचा. ४५६ सारख्या टेपला १५ इंचांवर हा उतार साधारण ३ डेसिबल, ३० इंचांवर दीडच्या आसपास. नेमका आकडा रेकॉर्ड हेडच्या फटीवरही अवलंबून असतो, म्हणून टेपच्या माहितीपत्रकातला तक्ता समोर असावा. रेकॉर्ड हेडवर लिहिलेलं प्लेबॅक हेडपर्यंत पोचायला क्षणभर लागतो. घाईने फिरवलं तर काटा प्रतिसाद देईपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता.

बायस कमी राहिला तर वरची पट्टी चकचकीत वाटते, पण विकृती वाढते आणि टेपमधले बारीक दोष ऐकू येतात. जास्त झाला तर वरची पट्टी दबते. ती भरून काढायला रेकॉर्डचं इक्वलायझेशन उचलावं लागतं, आणि झांजेला आधीच कमी असलेली जागा आणखी कमी होते.

मग कन्सोलमधून, म्हणजे मिक्सिंगच्या टेबलावरून, १ किलोहर्ट्झचा टोन पाठवा. शून्य व्हीयू (मीटरवरचं शून्य) म्हणजे +४ डीबीयू, अर्थात १.२२८ व्होल्ट; हे एकदा मल्टिमीटर लावून खरोखर मोजून घ्या. मशीन इनपुटवर असताना काटा शून्यावर हवा, आणि प्लेबॅकवर टाकल्यावरही शून्यावरच राहील अशा बेताने रेकॉर्ड लेव्हलचा स्क्रू लावा. पुढे १० किलोहर्ट्झला रेकॉर्डचं इक्वलायझेशन, आणि शेवटी १०० हर्ट्झच्या आसपास प्लेबॅकची खालची पट्टी. हे चोवीस वेळा करायचं. सरावलेल्या हाताला तासभर लागतो, नवख्याला सहज अर्धा दिवस. दुसऱ्या लॉटचं रीळ आलं की निदान बायस आणि रेकॉर्ड लेव्हल पुन्हा तपासावी.

लहान मशीनबाबत एक इशारा. तिथे ठरलेली लेव्हल बहुधा −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट असते. मोठ्या कन्सोलचं +४ थेट त्यात घातलं तर जवळजवळ १२ डेसिबल जास्त जातं आणि टेपच्या आधी मशीनचा इनपुटच कापतो.

काटा काय दाखवत नाही

व्हीयू मीटरचं माप १९३९ मध्ये अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून ठरवलं. आवाजाचा सरासरी जोर कानाला जाणवतो तसा दिसावा, हा त्यामागचा हेतू होता. सलग टोन दिल्यावर काटा आपल्या जागी पोचायला ३०० मिलिसेकंद घेतो. तबल्याच्या चाटीवर 'ना' वाजतो तेव्हा सगळ्यांत मोठा झटका काही मिलिसेकंदांतच येऊन जातो. काटा हलायला लागेपर्यंत ठोक्याचं टोक टेपवर उमटून गेलेलं असतं. काट्याला दिसते ती मागची गुंज. म्हणून हार्मोनियम आणि तबला दोघांचेही काटे शून्यावर असले, तरी टेपवर तबल्याचं टोक कितीतरी वर असतं.

त्यामुळे प्रत्येक वाद्याचं शून्य मनात वेगळं धरावं लागतं. हार्मोनियम, ऑर्गन, व्हायोलिनचा ताफा, बासरी अशा सलग आवाजांना शून्य ते +३ बिनधास्त चालतं. तानपुरा शून्याच्या जवळच ठेवा. तो हलका वाजतो, अखंड वाजतो, आणि त्याच्यामागची हिस अख्ख्या गाण्यात कुठेच झाकली जात नाही. बेस गिटारला +३ ने ऊब येते. विकृत केलेली इलेक्ट्रिक गिटार आधीच दाबलेली असते, तिच्यात अचानक टोकं नसतात, तीही तेवढीच वर जाऊ शकते. गायकाचा सर्वसाधारण आवाज −३ च्या आसपास ठेवला म्हणजे तार सप्तकातली हाक +३ ला पोचून सुखरूप परत येते.

ठोक्याच्या वाद्यांत बायाँ आणि ढोलाचा घुमारा −३ पर्यंत, दायाँ आणि ढोलकीची चाट −६ ते −८. संतूर आणि पियानो −६ च्या वर नकोत. पियानोतली विकृती फार लवकर कानाला टोचते. घुंगरू, झांज, टाळ, हाय-हॅट, खंजिरीच्या चकत्या यांना −१० ते −१५, आणि माइक अगदी जवळ असेल तर −२०. काटा जेमतेम थरथरताना दिसतो आणि नवख्याला वाटतं लेव्हल कमी आहे. तिथेच तो गेन वाढवतो आणि झांज बिघडवतो. एवढ्या खाली रेकॉर्ड करून हिस का त्रास देत नाही? मिक्समध्ये टाळ फारसा वर घ्यावाच लागत नाही, आणि त्याचा स्वतःचा आवाज हिसच्याच पट्टीतला असल्याने तिला झाकतो.

हे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. पक्का निर्णय कानाने घ्यायचा, आणि त्यासाठी मशीनवर सोय आहेच. कलाकाराला खऱ्या जोराने अर्धा मिनिट वाजवायला सांगा. पहिल्यांदा ठरवलेल्या लेव्हलने, मग ६ डेसिबल खाली, मग ३ डेसिबल वर रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग चालू असताना मॉनिटर इनपुट आणि प्लेबॅकमध्ये आलटून पालटून ऐका. ठोक्याची धार बोथट झाली, 'ना' चा टणत्कार 'ठप' कडे झुकला, झांजेचा शेवट वाळूसारखा खरखरला, तर टेप भरली आहे. सिंकवर ऐकून हा निर्णय घेऊ नका. बऱ्याच जुन्या मशीनांवर सिंकची वरची पट्टी मुळातच कमी असते. इनपुटवरही आवाज फाटलेला असेल तर टेपचा काही संबंध नाही, माइक प्रीअँप कापतोय.

तालमीत कलाकार हात राखून वाजवतो. टेक सुरू झाला की ३ ते ४ डेसिबल सहज वाढतात. ती जागा आधीच सोडून ठेवावी.

शेजारचे ट्रॅक, शेजारचे वेढे

शेजारच्या ट्रॅकचा आवाज थोडा पाझरतोच, खालच्या पट्टीत जास्त. म्हणून क्लिक ट्रॅक (लय धरायला दिलेल्या टिकटिकीचा ट्रॅक) गायकाच्या शेजारी ठेवू नये. टाइमकोड (इतर यंत्रांशी वेळ जुळवणारा संकेत) कडेच्या २४ व्या ट्रॅकवर, −१० च्या आसपास, आणि २३ वा शक्यतो रिकामा.

रिळावर टेपचे वेढे एकमेकांवर बसलेले असतात, आणि जोरदार वेढा शेजारच्यावर आपली पुसट छाप सोडतो. शांततेनंतर गायकाचा पहिला शब्द जोरात असेल तर तो येण्याआधीच त्याची सावली ऐकू येते. लेव्हल वाढवली तर ही सावलीही तिला झाकणाऱ्या हिसच्या वर येते. उष्णतेने ती वाढते. टेप वाजवून झाल्यावर मागे न गुंडाळता शेवटच्या टोकावरच ठेवली, तर ठळक छाप शब्दाच्या नंतर पडते आणि गुंजेत लपते.

हिस कमी करणारं यंत्र (डीबीएक्स किंवा डॉल्बी) जोडलेलं असेल तर रेकॉर्ड आणि प्लेबॅकची लेव्हल तंतोतंत जुळणं अनिवार्य होतं. डीबीएक्समध्ये १ डेसिबलची चूक २ डेसिबलची होऊन बाहेर येते. डॉल्बीमध्ये वरची पट्टी श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. अशा यंत्रांबरोबर +६ चा हट्ट धरू नये. हिस आधीच कमी झालेली असल्याने २५० वर काम छान होतं.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेली अँपेक्स ४५६ कोरी म्हणून स्वस्तात मिळाली तरी तिच्यावर रेकॉर्ड करू नका. तिचा गोंद ओल शोषून चिकट होतो, हेडवर राप बसतो, आणि पाच मिनिटांत वरची पट्टी नि लेव्हल दोन्ही घसरतात. लेव्हल खाली गेली म्हणून स्क्रू फिरवण्याआधी हेड पुसून पाहावं.

काम सुरू करण्यापूर्वी रिळाच्या सुरुवातीला सगळ्या ट्रॅकवर शून्य व्हीयूला १ किलोहर्ट्झ, आणि मग १० किलोहर्ट्झ व १०० हर्ट्झचे टोन अर्धा-अर्धा मिनिट घाला. १० किलोहर्ट्झचा टोन शून्याऐवजी −१० ला घातला असेल तर तसं लिहा. डब्यावरच्या कागदावर टेपचं नाव आणि लॉट, वेग, एनएबी की आयईसी, शून्याचं मूल्य नॅनोवेबरमध्ये, आणि डॉल्बी किंवा डीबीएक्स वापरलं असल्यास कोणत्या ट्रॅकवर, हे शाईने लिहून ठेवा. नुसतं '+६' लिहू नका, कशाच्या वर +६ ते लिहा. २५० ला आधार धरणारे स्टुडिओही आहेत, आणि त्यांचं +६ तुमच्यापेक्षा जवळजवळ ३ डेसिबल वर असतं.